एका त्सेंतासची किंमत

व्हिल्नियसमध्ये मी भाड्याने घेतलेल्या घरात, स्वयंपाकघराच्या सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये काचेची एक बरणी होती. कधीकाळी काकडीच्या लोणच्याची असावी, कारण झाकण उघडल्यावर शेपूचा वास आला. आत नाणी होती. पांढुरकी, चपटी, अ‍ॅल्युमिनियमची. आपल्याकडच्या जुन्या दहा पैशांसारखी, हातात घेतली तरी काही घेतल्यासारखं वाटू नये इतकी हलकी. प्रत्येकावर घोड्यावर बसून तलवार उगारलेला स्वार, 'लिएतुवा' हे देशाचं नाव आणि १९९१ हे साल.

घरमालकीणबाई निवृत्त शिक्षिका. त्यांना फोटो पाठवून विचारलं, ही तुमचीच ना? उत्तर आलं, 'ठेवा तुम्हीच. बँक अजून घेते, पण आळस नसेल तर.'

त्या रविवारी बाहेर बर्फ होता आणि मला काही काम नव्हतं. मी बरणी टेबलावर ओतली आणि मोजायला बसलो. एकची ४१२, दोनची २६५, पाचची १८८. म्हणजे ८६५ नाण्यांचे एकूण १,८८२ त्सेंतास. शंभर त्सेंतासचा एक लितास. १ जानेवारी २०१५ ला लिथुआनियाने युरो घेतला तेव्हा एका युरोला ३.४५२८ लितास हा दर कायमचा ठरला आणि लिथुआनियाची मध्यवर्ती बँक त्याच दराने, कितीही रकमेचे, कुठलीही मुदत न घालता जुने लितास बदलून देते. नाणीसुद्धा. हिशेब केला तर बरणीभर नाण्यांचे पाच युरो पंचेचाळीस सेंट झाले. दीड-दोन कॉफ्या.

मग सवयीने रुपयांत केलं. परदेशात राहणारा मराठी माणूस पहिलं वर्षभर प्रत्येक गोष्ट रुपयांत करतो, माझी सवय दुसऱ्या वर्षीही गेली नव्हती. युरो नव्वद रुपये धरला तर एक त्सेंतास म्हणजे सव्वीस पैसे. चार आणे! मी खुर्चीत मागे टेकलो आणि मला मामा आठवला. खरं तर मामा तोपर्यंत आठवू नये म्हणूनच मी एवढं मन लावून मोजत होतो.

मामा एसटीत कंडक्टर होता. त्याच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात जी नाणी आहेत ती हौसेने जमवलेली नाहीत, ती त्याच्या गळ्यात पडलेली आहेत. गर्दीत, अंधारात, पावसात प्रवाशाने हातावर ठेवलेलं नाणं रात्री डेपोत हिशेब देताना नीट दिसायचं. कधी घासून गुळगुळीत झालेलं, कधी बाद झालेलं, एकदा केनियाचं. हिशेबात ते चालायचं नाही, मग मामा खिशातून भरपाई करायचा आणि नाणं डब्यात टाकायचा. चौकोनी पाच पैसे, नागमोडी कडेचे दहा पैसे, षटकोनी वीस पैसे, गेंड्याचे चार आणे. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी आपल्याकडे चलनातून गेली, त्याच्या आधीच्या काही महिन्यांत लोकांनी घरातले चार आणे शोधशोधून एसटीत खपवले, असं तो सांगायचा. थोडक्यात, मामाचा संग्रह हा त्याच्या नुकसानीचा संग्रह होता.

२०२१ च्या जूनमध्ये मामाने मला एक व्हिडिओ पाठवला. वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं तुमच्याकडे असेल तर दहा लाख मिळतील, असा. सोबत मामाचा प्रश्न: 'हे खरं आहे का, बघ रे जरा.' मी तेव्हा पुण्यात घरूनच काम करत होतो, मीटिंगमध्ये होतो, रिलीज तोंडावर आलेलं. मी अंगठ्याचं चित्र पाठवलं. मराठीत अंगठा दाखवणं म्हणजे काय, ते मला तेव्हा सुचलं नाही.

मामाकडे ते नाणं होतं. २०१२ सालचं, देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त काढलेलं, लाखोंनी पाडलेलं आणि आजही पाच रुपयांनाच चालणारं. त्याने फोन केला. नोंदणीचे अकराशे रुपये गेले. मग 'जीएसटी' म्हणून साडेसहा हजार. मग रिझर्व्ह बँकेच्या ना-हरकत प्रमाणपत्राचे पंधरा हजार चारशे. मग तो नंबर बंद झाला. ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर इशारा दिला की जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात आमच्या नावाने कुणी शुल्क मागत असेल तर ती फसवणूक आहे, आम्ही असं शुल्क घेत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. मामाला दोन महिने उशीर झाला होता. मी त्याला तेवीस हजार पाठवले, त्याने दुसऱ्या दिवशी ते परत पाठवले. कारण विचारायचं धैर्य मला झालं नाही.

तर ती बरणी समोर ठेवून मी जे शोधायला लागलो ते नाणेशास्त्राच्या आवडीने नव्हे. मला एकच हवं होतं: नाण्याची किंमत ठरते कशी, हे एकदा नीट समजून घ्यायचं. त्या अंगठ्याच्या जागी जे उत्तर जायला हवं होतं, ते.

पहिली गोष्ट लगेच कळली, आणि ती जगभर सारखीच आहे. नेटवर १९९१ चा एक त्सेंतास पाचशे युरोंनाही दिसतो. 'दुर्मीळ', 'संग्राहकांसाठी', तीन उद्गारचिन्हं. पण ती मागितलेली किंमत. 'विकले गेलेले' अशी चाळणी लावली की पाचशेवाले सगळे गळून पडतात आणि खाली उरतात शंभर नाण्यांच्या पिशव्या, किलोवर विकलेले मिश्र ढीग, आणि अधूनमधून टाकसाळीची चकाकी शाबूत असलेलं, कुणाच्या खिशात कधीच न गेलेलं एखादं नाणं, अर्धा-एक युरोला. त्याच्यावर टपालखर्च नाण्याहून जास्त. मागणारा काहीही मागू शकतो. मामाला दाखवलेला व्हिडिओ फक्त मागितलेल्या किमतींच्या जगातला होता.

दुसरी गोष्ट समजायला जुन्या बाजारात जावं लागलं. शनिवारी सकाळी लोक घडीची टेबलं मांडून बसतात, त्यात नाण्यांचे दोन-तीन विक्रेते. मी बरणीतली मूठभर नाणी एका आजोबांपुढे ठेवली. ते हसले. त्यांनी टेबलाखालून प्लास्टिकचा डबा काढून दाखवला. आत तीच नाणी, पाच-सात किलो तरी. 'यातलं काहीही घे, दहा सेंटला एक,' म्हणाले. 'आणि तुझी मी घेणार नाही.'

का, ते त्यांनी मोडक्या इंग्रजीत समजावलं. एक, दोन आणि पाच त्सेंतासची ही अ‍ॅल्युमिनियमची नाणी २०१४ संपेपर्यंत चालली, पण सगळ्यांवर साल एकच, १९९१. सगळी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या टाकसाळीतली. संग्राहक जगतो ते फरकांवर. आपल्याकडे सालाखाली हिऱ्याची खूण असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, टिंब असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता, आणि अमुक साली तमुक टाकसाळीने कमी नाणी पाडली म्हणून तेच नाणं चढ्या भावाने जातं. इथे साल एक, टाकसाळ एक, नाणी कोट्यवधी. 'शोधायचं काय?' आजोबा म्हणाले. दहा, वीस, पन्नास त्सेंतास आणि लितास नंतर व्हिल्नियसच्याच टाकसाळीत वेगवेगळ्या साली पाडले गेले, त्यात थोडं तरी शोधण्यासारखं आहे. या पांढऱ्या पिल्लांत नाही. शिवाय अ‍ॅल्युमिनियम मऊ, खिशात आठ दिवस राहिलं तरी ओरखडे पडतात, आणि ओरखडा पडला की संग्राहक हात लावत नाही.

मी विचारलं, घासून चकचकीत केलं तर? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की दर लक्ष्मीपूजनाला मामी चिंचेने नाणी लखलखीत करते हे मी त्यांना सांगितलं नाही.

मग त्यांनी खरा माल दाखवला. १९३६ चा एक त्सेंतास, ब्राँझचा, कौनासच्या टाकसाळीत पाडलेला. आज राजधानी व्हिल्नियस आहे, पण दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हे शहर पोलंडकडे होतं आणि लिथुआनियाचा कारभार कौनासहून चालायचा. त्या काळचे पहिले त्सेंतास, १९२५ चे, बर्मिंगहॅमच्याच किंग्ज नॉर्टनहून आणावे लागले होते; अकरा वर्षांनी देशाची स्वतःची टाकसाळ सुरू झाली. नाण्यांचे आराखडे शिल्पकार युओझास झिकारास यांचे. त्यांचा स्वातंत्र्याचा पुतळा कौनासमध्ये आहे. १९४४ मध्ये सोव्हिएत सैन्य परत आल्यावर त्यांनी आत्महत्या केली. आजोबांनी हे नाणं बारा युरो सांगितलं, मी दहाला घेतलं. माझी पूर्ण बरणी आणि वर जवळजवळ तितकेच पैसे, असा त्या एका नाण्याचा भाव पडला.

एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण १९९१ या सालाने मला सोडलं नाही. कारण ही नाणी चलनात आली २५ जून १९९३ ला. मग त्यांच्यावर १९९१ कसं?

लिथुआनियाने ११ मार्च १९९० ला स्वातंत्र्य पुन्हा जाहीर केलं, पण खिशात रूबलच होते. १३ जानेवारी १९९१ ला व्हिल्नियसच्या टीव्ही टॉवरपाशी सोव्हिएत रणगाडे निःशस्त्र लोकांवर चालून गेले, चौदा माणसं मेली. मॉस्कोने स्वातंत्र्य मान्य केलं ते त्याच वर्षी सप्टेंबरात. म्हणजे नाण्यावर जे साल आहे त्यातले आठ महिने, ज्यांच्या सैन्याने माणसं मारली त्यांच्या लेखी हा देश अस्तित्वातच नव्हता. तरी नाण्यांची तयारी चालली होती. नोटांची छपाई मनासारखी झाली नाही, सगळंच लांबलं. मधल्या काळात 'तालोनास' नावाचे कागदी तुकडे चालवले, त्यांच्यावर प्राण्यांची चित्रं. लोक त्यांना पंतप्रधान वाग्नोरियुस यांच्या नावावरून 'वाग्नोर्केस' म्हणत. अखेर शंभर तालोनासला एक लितास या दराने नवं चलन आलं. पण तयार नाण्यांवरचं साल तेच राहिलं.

घरमालकीणबाई भाडं घ्यायला आल्या तेव्हा मी हे त्यांच्याकडे काढलं. त्या म्हणाल्या, 'पहिल्या दिवशी मी पाव घेतला आणि सुटे परत आले. ती नाणी मी खर्च केली नाहीत. आठवडाभर पर्समध्ये हात घालून नुसती चाचपायचे.' मी विचारलं, ती यात आहेत का? त्यांनी बरणीकडे पाहून खांदे उडवले. 'असतील. ओळखणार कशी? सगळ्यांवर एकच साल आहे.'

आजोबांनी जे किंमत नसण्याचं कारण म्हणून सांगितलं होतं, तेच वाक्य बाईंच्या तोंडून आलं. मला पुढे बोलता आलं नाही. मी चहा टाकला.

या नाण्यांवर अजून एक गोष्ट वाचता येते, जिला बाजारात भाव शून्य. एकच्या नाण्यावर 'त्सेंतास' लिहिलंय, दोन आणि पाचच्या नाण्यावर 'त्सेंताय', आणि दहा, वीस, पन्नासच्या नाण्यांवर 'त्सेंतू'. लिथुआनियन भाषेत संख्येप्रमाणे नामाची विभक्ती बदलते. दहा, वीस, पन्नाससारख्या संख्यांपुढे 'दहा सेंटांचे' अशा थाटात षष्ठी येते. (हा 'त्स' म्हणजे आपला 'चमचा'तला च. तो इथल्या इंग्रज-अमेरिकन सहकाऱ्यांना जमत नाही, मला पहिल्या दिवशी जमला. भाषेच्या बाबतीत माझं एवढंच कर्तृत्व.) अग्नीला 'उग्निस', मुलाला 'सूनुस', दाताला 'दांतिस' म्हणणाऱ्या या भाषेचं व्याकरण पोरांच्या खिशात खुळखुळत होतं. युरोच्या नाण्यांवर ते उरलं नाही. तिथे सगळ्या युरोपसाठी एकच 'युरो सेंट'. घोडेस्वार मात्र टिकला आहे, आंतानास झुकाउस्कास या शिल्पकाराचा, एका सेंटपासून दोन युरोंपर्यंत सगळ्या नाण्यांवर तोच.

युरोही सहज आला नाही. २००७ मध्येच यायचा होता. महागाईची मर्यादा होती २.६ टक्के, लिथुआनियाची भरली २.७. दशांश टक्क्याने आठ वर्षं गेली. आणि आता त्या युरोच्या लहान नाण्यांचीही पाळी आली आहे. १ मे २०२५ पासून दुकानात रोख पैसे देताना एकूण रक्कम जवळच्या पाच सेंटांवर आणतात. एक आणि दोन सेंट बाद नाहीत, पण सुटे म्हणून परत येत नाहीत. तांब्याचा मुलामा दिलेलं पोलाद, चुंबकाला चिकटतं. ती आता दुसऱ्या कुठल्या बरण्यांत जात असतील.

तरीही अलीकडच्या लिथुआनियन नाण्यांत एक असं आहे ज्याने खरोखर हजारांत भाव खाल्ला. २०२१ मध्ये झुविन्तास अभयारण्यावर दोन युरोंचं नाणं निघालं, आणि त्यातल्या काहीशे नाण्यांच्या कडेवर लिथुआनियाच्या 'स्वातंत्र्य, एकता, समृद्धी'ऐवजी शेजारच्या लॅटव्हियाच्या नाण्यांवरचं वाक्य उमटलं: 'देव लॅटव्हियाचं भलं करो.' चूक थोड्या नाण्यांतच राहिली म्हणून ती संग्राहकांना मोलाची. सॉफ्टवेअरवाल्या माणसाला हे पचायला जड जातं. आमच्याकडे चुकीला भाव आला असता तर मी आज टाकसाळ विकत घेतली असती.

मामाच्या सुट्टीसाठी, म्हणजे मी मामाकडे जाण्याच्या सुट्टीसाठी, निघायच्या आधी मी मध्यवर्ती बँकेच्या पैशांच्या संग्रहालयात गेलो. व्हिल्नियसमध्येच आहे, प्रवेश फुकट. तिथे एक पिरॅमिड आहे, फक्त एक त्सेंतासच्या नाण्यांचा. २०१४ मध्ये, लितास जायच्या वर्षात, दोघांनी तो रचला: १०,००,९३५ नाणी, वजन ८३१ किलो. गिनेस बुकात त्याची नोंद झाली. पुढे अमेरिकेत कुणीतरी पेनींचा याहून मोठा केला. मी मोबाइलवर हिशेब केला. बँकेच्या दराने अख्खा पिरॅमिड २,८९९ युरोंचा. नुसतं अ‍ॅल्युमिनियम म्हणून, किलोला अडीच डॉलर धरून विकला तर दोनेक हजार डॉलर. म्हणजे घोडेस्वार, साल, विभक्ती वगैरे सगळं मिळून किलोमागे फार तर शंभर-सव्वाशे रुपयांची भर.

शाळेतली मुलं आली होती. पिरॅमिड बघायला वाकत होती. यातलं कुठलंच नाणं त्यांनी खर्च केलेलं नव्हतं, त्यांच्या जन्माच्या आसपासच ती गेली होती. एका मुलीने बाईंना काहीतरी विचारलं आणि बाई हसल्या. बहुधा विचारलं असावं, एक काढून घेतलं तर कळेल का.

मी मामासाठी शंभर नाणी मोजून घेतली, एकाची. एक लितास, रुपयांत सव्वीस.

मामाने पिशवी बघितल्याबरोबर डबा काढला. मी त्याला सगळं सांगितलं: मागितलेली किंमत आणि विकलेली किंमत, साल एक असणं, ओरखडे, चिंच. डब्यातलं एकेक नाणं आम्ही पाहिलं. बहुतेकांचे चार-दोन रुपये. गुळगुळीत झालेल्यांचे काहीच नाहीत. केनियाचंही काही नाही. मामी म्हणाली, 'मग चिंच लावलेली बरी.'

मामी आत गेल्यावर मी म्हणालो, 'मामा, तो व्हिडिओ मी बघितलाच नव्हता. न बघताच अंगठा टाकला.'

'माहितीय,' मामा म्हणाला. 'चार मिनिटांचा व्हिडिओ होता. तुझा अंगठा लगेच आला.' तो त्सेंतास दहा-दहाच्या चवडीत लावत होता, तिकिटांच्या हिशेबाला बसायचा तशी मांडी घालून. 'मला हवं होतं तेच तू बोललास, म्हणून मीही पुन्हा विचारलं नाही. पैसे परत केले ते त्यासाठी. ते तुझ्याकडे येणे नव्हते.'

मी काही बोललो नाही. बाहेर कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती.

'याला काय म्हणतात?'

'त्सेंतास. चमचातला च.'

'किती याचे?'

'चार आणे.'

'अजून चालतात?'

'तिथल्या बँकेत नेले तर. कधीही.'

मामाने मान हलवली. 'आपले नाही घेत आता.' शेवटच्या चवडीवरून त्याचं बोट फिरलं, पुन्हा फिरलं. 'शंभर म्हणालास ना? नव्याण्णव आहेत.'

मी पाकीट काढलं. एक मी माझ्यासाठी ठेवलं होतं, निघताना मोजणीतून काढून, आणि विसरलो होतो. ते त्याच्या हातावर ठेवलं. त्याने सवयीने उलटसुलट करून पाहिलं, बोटांत वाजवायचा प्रयत्न केला, अ‍ॅल्युमिनियम वाजलं नाही, आणि शेवटच्या चवडीवर ठेवलं.

'हं. आता लागला हिशेब.'